चाळीस फोनांची दुरडी

“किती फोनांवर वाजतं म्हणालास?”

“सगळ्यांवर. जगात असा फोन अजून निघाला नाही बुवा, ज्याच्यावर आपला ‘इशारा’ वाजणार नाही.” श्रेयस एवढं छातीठोक बोलला, आणि मग नाकावरचा चष्मा वर सारत म्हणाला, “म्हणजे... एक सोडून.”

“कुठला?”

“माझा.”

सटवाजीबुवांनी डोळे मिटले. ते हसले की काय, कळायला मार्ग नव्हता. मिशाच एवढ्या, की त्यांच्याआड चारपाच माणसं पोट धरून हसून गेली तरी बाहेर पत्ता लागू नये.

“माझा आयफोन आहे ना,” श्रेयसनं खुलासा केला. “मुका करून ठेवलेला आयफोन आपल्याला वाजवायचा असेल, तर कंपनीची वेगळी परवानगी लागते. अर्ज केलाय. येईल.”

“येईल,” बुवा म्हणाले.

...

श्रेयस कुंभोजकर पुण्याचा इंजिनिअर. हुशार. हुशार माणसाला जेवढं दिसत नाही तेवढं सगळं त्यालाही दिसत नसे. तीन महिने खपून त्यानं फोनवरचं हे ‘इशारा’ बनवलं होतं. धरणावरच्या माणसानं एक बटण दाबायचं, की खालच्या गावांतले फोन एका दमात बोंबलायला लागायचे. पाणी सुटलंय, उठा, वर या.

धामणटाकळीला असं बोंबलणारं काहीतरी हवंच होतं.

उन्हाळ्यात तिथली नदी आजारी सासूसारखी एका कडेला सरकून पडते. उघड्या पडलेल्या वाळूत गावातली साठसत्तर घरं कलिंगडं लावतात. फळ धरलं की माणसं खोपी टाकून तिथंच राहायला जातात. नाही गेलं तर कोल्हे येतात. कलिंगडातलं कोल्ह्याला जेवढं कळतं तेवढं व्यापाऱ्यालाही कळत नाही. न ठोकता, न विचारता, नेमकं पिकलेलंच फोडतो.

आणि ह्याच दिवसांत कधीतरी धरणातून आवर्तनाचं पाणी सुटतं, खालच्या शेतांसाठी. सुटल्यापासून पावणेदोन तासांत धामणटाकळीच्या वाळूत.

घाटावर एक भोंगा होता. पाणी सुटलं की वाजायचा. दोन वर्षांमागं त्याला आग्यामोहोळ लागलं. भोंगा तपासायला चढलेला माणूस भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडत खाली आला. त्यानंतर भोंग्याच्या वाटेला कुणी गेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाणी भरदुपारी आलं. शिरपा जेवून खोपीत आडवा झाला होता. तो आडवाच गेला. त्याची बायको मथुरा त्या दिवशी फळं घेऊन बाजाराला गेली होती, म्हणून राहिली.

ह्या सालीही तिनं वाळूत कलिंगडं लावली होती. दुसरं काही लावायला तिच्याकडं जमीन नव्हती.

...

वाळूतली माणसं सटवाजीबुवांच्या शब्दाबाहेर नव्हती. घाटावर त्यांचा मठ. बुवा ‘हो’ म्हणाले तर ‘इशारा’ फोनात घ्यायचा आणि खोपीत राहायचं. ‘नाही’ म्हणाले तर पाणी येऊन जाईस्तोवर सगळ्यांनी वर यायचं, आणि वर्षाचं पीक कोल्ह्यांच्या पंगतीला वाढायचं.

म्हणून श्रेयस बुवांच्या पायाशी बसला होता. एरवी तो कुणाच्या पायाशी बसणाऱ्यांतला नव्हता. खुर्ची मिळाली असती तर खुर्चीत बसला असता. मठात खुर्ची नव्हती.

बुवांची ख्याती दोन गोष्टींसाठी. एक, ते फार कमी बोलत. दुसरी, ते फार झोपत. पहिली दुसरीमुळंच आहे, असं गावातले टवाळ म्हणत, आणि म्हणून झाल्यावर पाया पडत.

मठाची एक रीत होती. ज्याला बुवांचा अनुग्रह हवा, त्यानं आपली एक लाडकी गोष्ट मठात सोडायची. जुन्या लोकांनी तंबाखू सोडली. कुणी चहा सोडला. एका महाभागानं भावकीशी बोलणं सोडलं, आणि सगळ्या भावकीला पुण्य लागलं. अलीकडं लोक फोन सोडू लागले होते.

म्हणजे नुसता फोन. आतलं सिमकार्ड आधीच काढून घरी दुसऱ्या फोनात घातलेलं असे. हे बुवांना ठाऊक होतं. देवालाही असावं. दोघांनीही कधी विषय काढला नाही.

असे चाळीस फोन एका दुरडीत जमले होते. सगळ्या कंपन्यांचे, सगळ्या वयांचे. काचेला तडे गेलेले, पाठ सुटलेले. एक तर रबर लावून बांधलेला. आयफोन एकच. तो सरपंचाच्या पुतण्यानं सोडलेला. पुतण्या दर सोमवारी मठात येऊन त्याचं दर्शन घ्यायचा, आणि जाताजाता जमलं तर देवाचंही.

दुरडी बघून श्रेयसचे डोळे चकाकले होते.

त्याच्या पुण्याच्या ऑफिसात तपासायला खरे फोन सात. बाकीचे सगळे लॅपटॉपच्या पडद्यावर चितारलेले. चितारलेल्या फोनात कुठलंही ॲप झकास चालतं. लग्नाच्या पत्रिकेत नाही का सगळं वेळेवर होत!

“बुवा, हे फोन मला चार दिवस वापरायला द्याल?”

“मला कशाला विचारतोस? मी सोडलेले नाहीत.”

ही परवानगी समजून श्रेयसनं ओसरीवर बुवांची घोंगडी पसरली, तिच्यावर चाळीस फोन ओळीनं मांडले, प्रत्येकाला चार्जिंगची वायर लावली, शेजारी वायफायचा डबा ठेवला. ओसरीचा दवाखाना झाला. चाळीस रोगी आणि चाळीस सलाइनी.

चाराचे आठ दिवस झाले. आज नववा.

...

“बघा हं, बुवा.”

श्रेयसनं लॅपटॉपवर एक बोट मारलं.

चाळीस फोन एकदम किंचाळले. आढ्यातली पारवी उडाली. ओट्याखालचं कुत्रं झोपेतून उठून, कुणाला चावायचं ते न कळून, स्वतःच्याच शेपटीमागं लागलं. खाली घाटाच्या पायऱ्यांवर काहीतरी दणकन पडलं.

मठाचं पाणी भरणारी मथुरा धावत ओसरीवर आली. तिची कळशी तिसऱ्या पायरीवरून गडगडत नदीकडं चालली होती.

“सुटलं?”

“नाही नाही, ताई. पाणी नाही. तपासतोय फक्त.”

मथुरेनं त्याच्याकडं बघितलं. मग फोनांकडं बघितलं. कळशी आणायला परत खाली गेली.

“चाळीसच्या चाळीस,” श्रेयस हळू आवाजात म्हणाला. पण खूश होता.

“छान,” बुवा म्हणाले. “आता झोपव.”

“कुणाला?”

“यांना.”

“फोनांना?” श्रेयस हसला. “मी त्यांना झोपूच देत नाही, बुवा. आत एक सोय असते. चार्जिंगला आहेस तोवर जागा राहा, असं सांगून ठेवता येतं. सगळ्यांना तेच सांगितलंय. नाहीतर मिनिटामिनिटाला पडदा विझतो, आणि कामाचा खोळंबा होतो.”

“तू एकटाच असं करतोस?”

“फोनवर ॲप तपासणारे सगळेच करतात. पहिल्या दिवशी पहिलं काम तेच.”

“म्हणजे आठ दिवस जागे.”

“आठ दिवस.”

“बिचारे.”

बुवा उठले. बुवा उठले ही गावात बातमी होते, म्हणून कुत्र्यानंही शेपूट सोडून वर बघितलं. त्यांनी चार्जिंगचा बोर्ड भिंतीतून उपटला. चाळीस फोनांच्या वायरी एकेक करून काढल्या, शेंगा तोडाव्यात तशा. वायफायच्या डब्याला हात लावला नाही. फोन दुरडीत भरले, दुरडीवर घोंगडी टाकली, आणि शेजारी जमिनीवर आडवे झाले.

“बुवा... हे काय?”

“जेवण झालंय.”

“पण मी...”

“पाणी सुटलं की उठव.”

आणि घोरायला लागले.

...

श्रेयस बसून राहिला.

अर्धा तास गेला. बुवांचं घोरणं आधी वाळूवरून बैलगाडी जावी तसं होतं, मग रेतीच्या ट्रकवर आलं. मथुरा कळशी भरून आली, रांजणात ओतली, आणि ‘हे काय चाललंय’ अशा नजरेनं पायरीवर टेकली.

दीड तासानं श्रेयसनं बटण दाबलं.

...

एक फोन वाजला.

मग आणखी एक.

मग घोंगडीच्या अगदी तळातून, डास गुणगुणावा तसा तिसरा.

...

बाकीचे सदतीस गप्प.

श्रेयसनं पुन्हा दाबलं. मग पुन्हा. लिफ्टचं बटण चारदा दाबलं की लिफ्ट घाबरून लवकर येते, असं मानणाऱ्यांपैकी तो होता.

“न्हाई वाजत?” मथुरेनं विचारलं.

“वाजतील. वाजायलाच हवेत. मघाशी तर...”

त्यानं घोंगडी ओढली, दुरडीतला वरचा फोन उचलला. पडदा उजळला, आणि फोन त्याच्या हातात किंचाळला. एकदा नाही, तीनदा. त्यानं दचकून तो टाकला आणि दुसरा उचलला. तोही किंचाळला. तिसरा. चौथा. ज्याला हात लावावा तो जागा होऊन बोंब ठोके, पाणी सुटलंय, पाणी सुटलंय. पाचएक मिनिटं मठात नुसता शिमगा.

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

“कोण आधी जागं झालं?”

“फोन. म्हणजे... मी हात लावला तसे.”

“हात लावल्यावर वाजले?”

“हो.”

“त्याआधी?”

“त्याआधी नाही.”

मथुरा पायरीवरून म्हणाली, “म्हंजे वाहून जाणाऱ्यानं आधी फोन हातात घ्यायचा. मग फोन त्याला सांगणार, का बाबा, तू वाहून चाललायस.”

श्रेयसचे कान तापले. तिच्याकडं बघायचं त्यानं टाळलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, म्हणून जास्तच टाळलं.

बुवा कुशीवर वळले.

...

चार दिवस श्रेयसनं लॅपटॉपमधून डोकं वर काढलं नाही.

फोन झोपतात हे त्याला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, त्याला मार्कही पडले होते. फक्त बघितलेलं नव्हतं. पडदा विझला, वायर नसली, कुणी हलवलं नाही, की फोन आपल्या पोटातल्या सगळ्या ॲपना ‘गप पडा रे’ म्हणून दटावतो. बॅटरी वाचावी म्हणून. एखादी कंपनी तासाभरानं थोपटून झोपवते. एखादी दिवा मालवल्याबरोबर सरळ मुंडीच मुरगाळते. आणि हे थांबवायची सोय प्रत्येकीनं वेगळ्या कपाटात, वेगळ्या नावानं ठेवलेली, नवऱ्यापासून लपवलेल्या पैशांसारखी.

श्रेयसनं एकेक कपाट उघडलं. निरोप पाठवायची तऱ्हा बदलली. ‘सवडीनं दे’ ऐवजी ‘आत्ताच्या आत्ता, उठवून दे’ असा शिक्का मारला. कुठल्या फोनात काय कुठं दाबायचं, त्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या. इंजिनिअरचं अक्षर बघून बुवांनी विचारलं, “हे कानडी का?”

तिसऱ्या दिवशी आयफोनची परवानगीही आली.

पाचव्या दिवशी त्यानं स्वतःच चार्जिंगचा बोर्ड उपटला. स्वतःच दुरडी भरली. आपला फोन मुका केला आणि तोही दुरडीत घातला. घोंगडी टाकली. बुवा जेवून आडवे झाले. दोन तास तो भिंतीला टेकून बसला. त्याला वाटलं आपण जागेच आहोत, पण मथुरेनं पुढं सांगितलं की तोंड उघडं होतं.

दोन तासांनी बटण दाबलं.

घोंगडी जागच्या जागी थरथरली, आणि एक्केचाळीस फोन तिच्याखालून एका सुरात बोंबलले. पारवी ह्या खेपेला परत आली नाहीत.

बुवा ताडकन उठून बसले.

“झालं!” श्रेयस ओरडला. “झोपलेला असो, मुका असो, रबर लावून बांधलेला असो. वाजलाच! बोला आता, बुवा.”

बुवांनी पायऱ्यांकडं बघितलं. घाटावरून मथुरा येत होती. ती वर पोचेपर्यंत थांबले.

“मथुरे, तुझा फोन कुठं असतो गं?”

“डब्यात.”

“कसल्या डब्यात?” श्रेयसनं विचारलं.

“पिठाच्या.”

...

“पिठाच्या?”

“मंग? वाळू जाती त्याच्या बिळांत. उन्हात ठिवला तर हाताला चटका बसतुय, आन् त्यो तापून आपल्याआपण बंद पडतुय. पिठात कसा गार ऱ्हातो.”

“सगळे असंच ठेवतात?”

“कुणी पिठात, कुणी तांदळात. माझ्या जावंचा मिठात हुता. त्यो मेला.”

श्रेयसनं तिला डबा आणायला सांगितलं. ती वाळूतून डबा घेऊन आली. उंच, स्टीलचा, बाजरीच्या पिठाचा. फोन पिठात खुपसलेला. श्रेयसनं त्यात ‘इशारा’ चढवला, फोन पुन्हा पिठात पुरला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

दोन शेतं सोडून एखादं रेडकू कण्हावं, तसं काहीसं ऐकू आलं.

“ताई, फोन बाहेर ठेवत जा ना.”

“आन् वाळू कोण काढणार? तुमी येनार का रोज?”

ह्याला इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांत उत्तर शिकवलेलं नव्हतं. श्रेयस लॅपटॉप उघडून आवाज आणखी कसा वाढवता येईल ते बघू लागला. आवाज आधीच शेवटाला टेकला होता.

मथुरेनं डब्यातलं पीठ एका फडक्यात ओतलं. फोन पुसला. रिकाम्या डब्यात ठेवला. मठाच्या चुलीपाशी पडलेले दोन चमचे उचलून आत टाकले, झाकण घट्ट लावलं, आणि डबा सावलीला ठेवून वर ओलं फडकं टाकलं.

“लाव आता, दादा.”

श्रेयसनं बटण दाबलं.

फोन डब्यात थरथरला. चमचे नाचले. डबा असा काही कडाडला, की जणू आत दोन भांडकुदळ जावा कोंडल्यात. ओट्याखालचं कुत्रं कायमचं गाव सोडल्यासारखं पळालं.

बुवांनी बोट कानात घातलं.

श्रेयस डब्याकडं बघत राहिला. तीन महिन्यांचं काम, एक्केचाळीस फोन, आयफोनची परवानगी... आणि दोन चमचे.

“आवाज माझ्या ॲपचाच आहे,” तो म्हणाला.

“हां, हां,” मथुरा म्हणाली. “चमचे निसते ऐकाय आल्यात.”

...

शुक्रवारी वाळूतले लोक फोन घेऊन वर मठात आले. वाळूत लॅपटॉप कुठं ठेवणार, आणि ऊनही फार होतं. ओसरीवर रांग लागली. बासष्ट फोन. श्रेयसनं एकेकात ‘इशारा’ चढवला, एकेकाचं कपाट उघडलं, ‘ह्या ॲपला झोपवू नको’ म्हणून फोनला बजावलं, आणि चिठ्ठीवर कंपनी, मॉडेल, कितवी आवृत्ती ते टिपून घेतलं. प्रत्येकाला डब्याची आणि चमच्यांची रीत मथुरेनं समजावली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, चमचे प्लॅस्टिकचे चालतील का. मथुरेनं त्याच्याकडं असं बघितलं की तो घरी जाऊन पळी घेऊन आला.

शनिवारी दुपारी सगळे आपापल्या खोपीत गेले. ठरलेलं असं, की वेळ सांगायची नाही. माणसांनी रोजच्यासारखं जेवायचं, रोजच्यासारखं आडवं व्हायचं.

अडीच वाजता श्रेयसनं मठाच्या ओट्यावरून बटण दाबलं.

...

खाली वाळूत बासष्ट डबे कडाडले. खोपीखोपीतून माणसं डोळे चोळत बाहेर आली. बायकांनी पोरं उचलली. एक बुटका गडी घाईत धोतराच्या जागी चादर गुंडाळून धावत सुटला होता. त्याला मागून कुणीतरी सांगत होतं, अरे, खोटंय, खोटंय. दहा मिनिटांत शेवटचा माणूस घाटाच्या पायरीवर होता.

लॅपटॉपवर बासष्टच्या बासष्ट ओळी हिरव्या झाल्या होत्या.

श्रेयसनं लॅपटॉप बुवांपुढं धरला. बुवांना हिरवा रंग दिसला. तेवढा त्यांनाही कळत होता.

“छान,” ते म्हणाले.

...

रविवारी सकाळी धरणावरून चिठ्ठी आली. येत्या आठ दिवसांत केव्हाही पाणी सुटेल. दिवस नाही, वेळ नाही. केव्हाही.

दहा वाजेपर्यंत सगळी वाळू मठाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फळं पिकली होती. कालच्या एका दुपारी माणसं वर आली, तेवढ्यात कोल्ह्यांनी कलिंगडांच्या चार वाड्यांत तोंड घातलं होतं. आठ दिवस वर बसायचं म्हणजे पुढचं वर्ष कोरडं काढायचं. खाली राहायचं म्हणजे...

शिरपा गेला तेव्हा ज्यांनी त्याला वर काढला, त्यातले तिघं तिथंच बसलेले होते.

मथुरा पुढं आली.

“बुवा, तुमी सांगा. ऱ्हाऊ का येऊ?”

बुवा नदीकडं बघत होते.

“माझी शंभरएक फळं हायत काढायची. आठ दिसांत हुतील. तुमी ऱ्हा म्हनाला तर ऱ्हाते.”

...

बुवा नदीकडंच बघत राहिले, तसा श्रेयस पुढं सरकला. त्याला हा वेळकाढूपणा सोसेना. सगळं सिद्ध झालेलं होतं, आकडे समोर होते, आणि एक झोपाळू म्हातारा मिशांत तोंड लपवून बसला होता.

“बुवा, आता कसला विचार? तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. फोन झोपवून बघितले. मुके करून बघितले. डब्यात घालून बघितले.”

“बघितलेस.”

“काल तर खऱ्या माणसांवर बघितलं.”

“किती?”

“बासष्टच्या बासष्ट.”

“उद्याही वाजतील?”

“उद्याही, परवाही. धरणावरच्या माणसाला मी स्वतः शिकवलंय. एक चुकला तर दुसरा दाबेल, अशी तजवीज आहे. इंटरनेट गेलं तर साधा मेसेज जाईल. मी सगळ्याचा विचार केलाय.”

“मग भीती नाही.”

“अजिबात नाही.” श्रेयस पायऱ्यांकडं वळला. आवाज चढवला, म्हणजे शेवटच्या पायरीला ऐकू जावा. “पावणेदोन तास आहेत हातात. तुम्हाला वर यायला दहा मिनिटं पुरतात, ते काल बघितलं. आता वाळूत कुणीही बिनघोर झोपावं. तान्हं पोर झोपतं तसं.”

पायऱ्यांवरची माणसं त्याच्याकडं बघत नव्हती. बुवांकडं बघत होती.

मथुराही.

...

श्रेयस खाली बसला. बुवांच्या कानाशी लागला.

“माझं नाही ऐकणार ते. तुमचं ऐकतील. एवढंच सांगा ना त्यांना, बुवा. काही होत नाही, खोपीत जाऊन खुशाल झोपा म्हणून.”

“सांगतो,” बुवा म्हणाले. “तुझं अंथरूण कुणाच्या खोपीत टाकायला सांगू?”